सिसिलीत हिवाळा, बोटीत पावसाळा

सिसिलीच्या दक्षिण किनाऱ्यावरचं मरिना दी रागूझा हे गाव जवळजवळ ट्यूनिसच्याच अक्षांशावर येतं. म्हणजे पत्ता युरोपचा, पण रांग आफ्रिकेची. ही माहिती फ्रान्सच्या वायव्य टोकाला, ब्रिटनीतल्या एखाद्या घरात, नोव्हेंबरच्या रिपरिप पावसात कोणी मोठ्याने वाचून दाखवली की त्या घराचं पुढच्या वर्षीचं काही खरं नसतं. मोटार विकली जाते, घर भाड्याने दिलं जातं, चाळीस फुटी जुनी शिडाची बोट घेतली जाते आणि चार माणसं नि एक मांजर समुद्राला लागतात. उन्हाळा मजेत जातो. उन्हाळा कोणाचाही मजेत जातो, त्यासाठी बोट घ्यावी लागत नाही. खरी गंमत ऑक्टोबर सरता सरता सुरू होते. शिडावर जग बघायला निघालेल्या माणसाला तेव्हा पहिल्यांदा कळतं की पुढचे पाच-सहा महिने शीड उतरवून, घडी घालून, मुलांच्या बिछान्याखाली कोंबून ठेवायचं आहे.

या कुटुंबाचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण ते एकच कुटुंब नाही. सिसिली, माल्टा, क्रीट, मायोर्का, जिथे जिथे लोक हिवाळ्यात बोट बांधून तिच्यातच राहतात तिथे त्याच्या आवृत्त्या सापडतात. झेंडा बदलतो, ओल तीच. नवरा स्वतःला कप्तान म्हणवतो. बायको कागदोपत्री सहकप्तान, प्रत्यक्षात हायकमांड. थोरला अकराचा, धाकटी सातची. मांजराला पदनाम नाही. पण बोटीतली एकमेव कोरडी आणि उबदार जागा कुठली हे फक्त त्यालाच माहीत असतं आणि ते कोणाला सांगत नाही.

मरिना दी रागूझाचं बंदर 2009 मध्ये सुरू झालं. जुलै-ऑगस्टमध्ये तिथला एका रात्रीचा दर ऐकून कप्तान बाहेर नांगर टाकून झोपायची भाषा करतो. ऑक्टोबर उजाडला की तेच बंदर सबंध हिवाळ्याचा ठोक सौदा करतं आणि मग इंग्रज, डच, जर्मन, फ्रेंच, अमेरिकन अशा सगळ्या जातींच्या काटकसरी माणसांची तिथे रीघ लागते. समुद्रावरचं स्वातंत्र्य, क्षितिजाची हाक वगैरे जे काही असतं ते सवलतीच्या दरापुढे बरंच नरमतं.

आता यात नवीन काही नाही. भूमध्य समुद्र हिवाळ्यात बंद असतो, ही समजूत फार जुनी. इसवी सनापूर्वी 700 च्या सुमाराचा ग्रीक कवी हेसिअड शेतीबरोबर बोटीचंही वेळापत्रक सांगून गेला आहे. त्याचा सल्ला असा: हिवाळा आला की बोट किनाऱ्यावर ओढा, वाऱ्याने हलू नये म्हणून सभोवती दगड रचा, तळाचं बूच काढून ठेवा म्हणजे पावसाचं पाणी साचून लाकूड कुजणार नाही, शीड नीट घडी करून घरी न्या आणि सुकाणू चुलीच्या धुरावर टांगा. यात बोटीवर राहायचा उल्लेख कुठेही नाही. हेसिअड स्वतः घरी राहायचा. पुढे रोमन लेखक वेजिशियसने तर तारखाच देऊन टाकल्या: 11 नोव्हेंबर ते 10 मार्च समुद्र बंद. आपल्या कोकणात जूनच्या पहिल्या पावसाला होड्या वर ओढतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ सोडून दर्याची माफी मागून पुन्हा खाली घालतात. कॅलेंडर उलटं, शहाणपण तेच. होड्या ओढणारे कोळी त्यानंतर घरी जाऊन जेवतात, हा भाग मात्र ब्रिटनीच्या कप्तानाने वाचलेला नसतो.

हिवाळ्याला कुठलं बंदर बरं, यावरचं भांडणही असंच जुनं. बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात त्याचा सविस्तर अहवाल आहे. रोमकडे निघालेलं अलेक्झांड्रियाचं एक जहाज क्रीटच्या दक्षिणेला कालोई लिमेनेस नावाच्या बंदरात अडकलं. हंगाम टळला होता. जहाजावर कैदी म्हणून नेले जाणारे संत पॉल म्हणाले, इथेच थांबू या. कप्तान आणि जहाजाचा मालक म्हणाले, हे बंदर हिवाळ्याला सोयीचं नाही, थोडं पुढे फिनिक्स म्हणून चांगलं बंदर आहे. रोमन अधिकाऱ्याने साहजिकच कैद्यापेक्षा कप्तानाचं ऐकलं. निघाल्यावर ईशान्येचा वारा सुटला, चौदा दिवस जहाज भरकटलं, सामान समुद्रात फेकावं लागलं आणि शेवटी ते माल्टाला जाऊन फुटलं. 276 माणसं होती, सगळी वाचली. चांगली जागा चाळीस मैलांवर आहे असं सांगणारे कप्तान आजही प्रत्येक बंदरात भेटतात. फरक इतकाच की आता त्यांच्या हातात टॅबलेट असतो.

त्याच अहवालात पुढे एका वाक्यातला तपशील आहे आणि पर्यटन खात्यांनी तो आजतागायत दडवून ठेवला आहे. माल्टाच्या रहिवाशांनी या बुडता बुडता वाचलेल्या लोकांसाठी शेकोटी पेटवली. कारण? पाऊस पडत होता आणि थंडी होती. भूमध्य समुद्रातल्या बेटावरच्या हिवाळ्याची ही सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची हवामानवार्ता आहे आणि तिच्यात आजही काही बदल करावा लागत नाही.

तर ऑक्टोबरच्या शेवटी आपलं कुटुंब बंदरात शिरतं. या समुद्रात बोट धक्क्याला कडेने लावत नाहीत, पाठ लावतात, म्हणजे तेवढ्याच धक्क्यावर दुप्पट बोटी मावतात. मागचे दोन दोर धक्क्याला. पुढून बोट धरायला नांगर नाही. त्याऐवजी समुद्रतळाच्या काँक्रीटच्या ठोकळ्याला बांधलेला एक जाड दोर आधीच पाण्यात पडलेला असतो. त्याचं एक बारीक टोक धक्क्यावर असतं. ते उचलायचं, हातात धरून बोटीच्या पुढच्या टोकापर्यंत चालत जायचं आणि मग खालचा जाड दोर वर ओढून आवळायचा. सांगायला सोपं आहे. तो दोर वर्षानुवर्षं पाण्यात असतो. त्याच्यावर शेवाळ, चिखल, बारीक शिंपले आणि आपापल्या संसारात रमलेले किडे असतात. हायकमांड ते टोक धरून पुढे निघते आणि तिच्या मागे पांढऱ्याशुभ्र डेकवर काळ्या, दुर्गंधी चिखलाची एक रेघ उमटत जाते. हातमोजे आहेत, खालच्या कपाटात. कप्तान सुकाणूवरून ओरडतो, "अगं ओढ, ओढ!" ती म्हणते, "अरे, मग ये आणि ओढ तूच!" शेजारच्या दोन्ही बोटींवरची माणसं कॉफीचे कप घेऊन बाहेर आलेली असतात. मदत करायला म्हणून नाही. बंदरातल्या मुक्कामी मंडळींना संध्याकाळची करमणूक दुसरी नसते.

पहिला आठवडा स्वर्गीय असतो. ऊन असतं, समुद्र अजून पोहण्याजोगा असतो, घरच्यांना फोटो जातात. मग रात्री गार व्हायला लागतात आणि एका पहाटे धाकटीच्या नाकावर थेंब पडतो. बाहेर चांदणं असतं. पाऊस आत पडत असतो.

याला कारण आहे, आणि ते शाळेच्या पुस्तकातलं आहे. डिसेंबरनंतर समुद्राचं पाणी 15 अंशांच्या आसपास येतं. बोटीचं बूड त्या पाण्यात, म्हणजे बिछान्याखालचं फायबरग्लासही तेवढंच गार. आत चार माणसं रात्रभर श्वास सोडतात, ओले टॉवेल लोंबत असतात, पास्ता उकळतो. सगळी वाफ गार भिंतीवर, खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीवर आणि गादीच्या पोटाखाली जाऊन बसते. थंडी वाजते म्हणून गॅसची शेगडी पेटवून ठेवावी, तर ते आगीत तेल नव्हे, ओलीत पाणी. फ्रेंच बोटींवर निळ्या रंगाच्या छोट्या टाक्या असतात, 2.75 किलो ब्युटेनच्या. तेवढा ब्युटेन जळला की हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून सुमारे सव्वाचार लिटर पाणी तयार होतं. कप्तान ऊब विकत आणतो आणि तिच्याबरोबर बादलीभर पाणी फुकट येतं.

नोव्हेंबरच्या मध्यावर गादी उचलून बघायचा कार्यक्रम होतो. बघायचा म्हणजे कोणी मुद्दाम बघत नाही. थोरल्याचा हरवलेला मोजा शोधताना ती उचलली जाते. खालची बाजू ओलीगच्च आणि तिच्यावर काळ्या ठिपक्यांचा एक नकाशा. कोपऱ्यात मोजा असतो, त्याच्यावरही ठिपके. मग कपाटं उघडली जातात. चपलांवर हिरवी साय आलेली असते, पुस्तकांची पानं फुगलेली, बिस्किटं सादळलेली, मीठ बरणीत दगड झालेलं, आणि लग्नातला कोट, जो बोटीवर का आणला यावर पूर्वीच एकदा वाद झालेला असतो, कुबट वासाने स्वतःची ओळख करून देतो. व्हिनेगरच्या पाण्याने सगळ्या भिंती पुसल्या जातात. त्यानंतर चार दिवस बोटीत बुरशीऐवजी लोणच्याचा वास येतो.

आणि मग घरात डीह्युमिडिफायर येतो. हे यंत्र हवेतली वाफ थंड करून तिचं पाणी टाकीत जमा करतं, आणि बोटीत त्याचं स्थान थेट जावयाचं. बसायला मधली जागा त्याला, कारण सगळीकडून हवा लागली पाहिजे. त्याला ठेच लागू नये म्हणून बाकीचे अंग चोरून जातात. रात्रभर घोरतो, वीज खातो आणि सकाळी उठल्यावर सगळे आधी त्याची विचारपूस करतात: "किती झालं आज?" टाकी भरलेली असली की घरात समाधान पसरतं. शेजारच्या डच बोटीचा जास्त भरला असेल तर थोडी जळजळही होते. एरवी वाऱ्याच्या वेगावर आणि ताऱ्यांवर गप्पा मारणारी दर्यावर्दी माणसं जानेवारीत फक्त लिटरांवर बोलतात.

वीज धक्क्यावरच्या खांबातून येते. तिथे बऱ्याच वेळा 16 अँपिअरचं बटण असतं. 230 व्होल्टला म्हणजे जेमतेम 3,700 वॉट. पंख्याचा हीटर 2,000, चहाची विजेची किटली 2,000, वर जावई. हिशेब सातवीतल्या मुलालाही जमेल, पण सकाळी सात वाजता, अर्ध्या झोपेत, कोणीतरी किटली लावतंच. खटका पडतो. आता खटका बोटीत नाही, खांबात आहे. खांब धक्क्यावर आहे. धक्क्यावर जायला बोटीच्या पाठीमागे टाकलेली हातभर रुंद फळी आहे. फळीवर दव आहे. ज्याने किटली लावली त्याने जायचं, असा नियम पहिल्या महिन्यातच झालेला असतो. त्यानंतर किटली कोणीच लावलेली नसते.

संडासाचं प्रकरण थोडक्यात उरकलेलं बरं. बोटीतला संडास समुद्राच्या पाण्यावर हातपंपाने चालतो. खारं पाणी आणि माणसाचं पाणी यांच्या संयोगाने नळीच्या आत खडूसारखा थर बसत जातो आणि एक दिवस नळीचं भोक पेन्सिलीएवढं उरतं. उपाय एकच. नळी काढायची, धक्क्यावर न्यायची आणि काँक्रीटवर आपटायची. धोबीघाटाची सवय असलेल्या माणसाला हे चटकन जमेल. शिवाय बंदरात बांधून असताना बोटीतला संडास वापरायचाच नाही, किनाऱ्यावरचा वापरायचा, असा सभ्यतेचा आणि बहुतेक ठिकाणी बंदराचाही दंडक आहे. रात्री दोन वाजता, पावसात, रेनकोट आणि स्लिपर घालून धक्क्यावरून चाललेलं माणूस दिसलं तर तो खलाशी वादळाची पाहणी करायला निघाला आहे असं समजू नये.

वादळं मात्र खरी येतात. वायव्येकडून मायेस्त्राले, ईशान्येकडून ग्रेगाले, आणि दक्षिणेकडून सिरोक्को, जो सहारा वाळवंटातून निघतो आणि येताना रिकाम्या हाताने येत नाही. त्याच्याबरोबर तांबूस धूळ येते, वर पाऊस पडला की ती चिखल होऊन पडते आणि बंदरातल्या सगळ्या पांढऱ्या बोटी एका रात्रीत विटकरी होतात. पुढचे दोन दिवस राष्ट्रभेद विसरून सगळे पाइप आणि ब्रश घेऊन डेक धूत असतात. तिसऱ्या दिवशी पुन्हा सिरोक्को.

कधी कधी प्रकरण हातघाईवर येतं. या समुद्रात चक्रीवादळासारखी वादळं होतात. सप्टेंबर 2020 मध्ये इआनोसने ग्रीसच्या केफालोनिया, इथाका बेटांवर बोटी उचलून किनाऱ्यावर टाकल्या, आणि फेब्रुवारी 2023 मध्ये हेलिओस माल्टा आणि आग्नेय सिसिलीवर येऊन आदळलं. 10 फेब्रुवारी हा माल्टात संत पॉलच्या जहाज फुटण्याचा सण असतो. हेलिओसने मुहूर्त जवळपास तोच धरला. अशा रात्री बंदरात झोप नावाचा प्रकार नसतो. शेकडो डोलकाठ्यांवर आतले दोर आपटत असतात, टणटण, टणटण. प्रत्येक डोलकाठीचा सूर वेगळा आणि ताल कोणाचाच नाही. धक्क्याचे दोर करकरतात. कप्तान अंतर्वस्त्रांवर ऑइलस्किन चढवून डेकवर जातो, एक जादा दोर बांधतो, आत येतो, अंथरुणात शिरतो, आणि पाच मिनिटांनी म्हणतो, "तो डावीकडचा नीट बसला होता का गं?" हायकमांड कूस बदलत सांगते, "बघून ये." तो बघून येतो. या संवादाच्या पहाटेपर्यंत सात-आठ आवृत्त्या निघतात. मुलं गाढ झोपलेली असतात. मांजर कुठे आहे ते कोणालाच ठाऊक नसतं.

इतकं सगळं असून लोक पुढच्या वर्षी परत का येतात, याचं उत्तर रोज सकाळी रेडिओवर मिळतं. हिवाळी मुक्कामाच्या बहुतेक मोठ्या बंदरांत बोटींच्या व्हीएचएफ संचावर एक ठरलेली सकाळसभा भरते. रोज एक जण सूत्रसंचालक. आधी हवामान, मग कोण नवीन आलं, कोण आजारी आहे, इटालियनची शिकवणी कधी, योगाभ्यास कुठे (योग शिकवणारी बाई बहुतेक वेळा जर्मन असते आणि आपण भारतीय आहोत असं कळलं तर फार आशेने बघते), रविवारच्या शेकोटीवरच्या जेवणाला सॅलड कोण आणणार. शेवटी 'बिल्जमधला खजिना'. बोटीच्या तळातल्या अडगळीतून निघालेल्या वस्तू इथे दिल्या-घेतल्या जातात. एक पंप, चालू स्थितीत. एक शिडाचा तुकडा. अर्धा डबा रंग. कप्तान तो पंप घेतो, कारण फुकट आहे. पुढच्या हिवाळ्यात तोच तो रेडिओवर देऊ करतो. असे काही पंप समुद्रावरच्या बऱ्याच बोटींपेक्षा जास्त फिरलेले असतात.

इंग्रज शेजाऱ्यांची एक वेगळीच वही असते. ब्रिटनने युरोपीय संघ सोडल्यानंतर, 2021 पासून, त्यांना कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं. बोट राहू शकते, माणूस नाही. त्यामुळे सत्तरीचं जोडपं दिनदर्शिकेवर फुल्या मारत बसलेलं असतं आणि फेब्रुवारी उजाडला की बोट शेजाऱ्यांच्या हवाली करून विमानाने मँचेस्टरला, थंडीत, परत जातं. मँचेस्टरच्या घरात मात्र भिंती कोरड्या असतात, हे ते कबूल करत नाहीत.

मुलांचं शिक्षण हा हायकमांडचा प्रांत. फ्रान्समध्ये 2022 च्या शालेय वर्षापासून मुलांना घरी शिकवायला आधी सरकारी परवानगी लागते. सोबतीला सीएनईडी आहे: दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला, 1939 मध्ये, मुलं पांगतील म्हणून पत्राने शिकवण्यासाठी काढलेली सरकारी संस्था. ती आजही वह्या, चाचण्या, सगळं पाठवते. सकाळी नऊला जेवणाचं टेबल शाळा होतं. एका टोकाला अपूर्णांक, दुसऱ्या टोकाला कप्तानाने उघडून ठेवलेलं इंजिनाचं काहीतरी, मधे जावई. धाकटीला प्रत्येक उदाहरणात बोट घालायची सवय लागते. "एका टाकीत 12 लिटर पाणी आहे" असं वाचलं की ती विचारते, "बाहेरचं की आतलं?"

बाकी भूगोल-इतिहास चालत्या बसमधून होतो. रागूझा शहर डोंगरावर. 11 जानेवारी 1693 ला झालेल्या भूकंपाने हा सगळा प्रदेश भुईसपाट झाला. त्यानंतर रागूझात काही लोकांनी वरच्या अंगाला नवं शहर वसवलं आणि काहींनी हट्टाने जुन्याच जागी, इब्लाला, पुन्हा घरं बांधली. एका गावाची दोन गावं झाली आणि दोघांनी एकमेकांना हिणवण्यात पुढची दोनशे वर्षं मजेत काढली. दोन्हीकडच्या बरोक चर्चना 2002 मध्ये युनेस्कोने वारसायादीत घेतलं. थोरल्याच्या वहीत या सगळ्याबद्दल एक ओळ असते. मोदिकाच्या चॉकलेटबद्दल दीड पान. मोदिकाला कोको आणि साखर फार न तापवता कालवतात, त्यामुळे साखर विरघळत नाही आणि चॉकलेट दाताखाली रवाळ लागतं. जवळच पुंता सेक्काला, समुद्रकाठी, टीव्हीवरच्या इन्स्पेक्टर मोंतालबानोचं घर आहे. 1999 पासून ही मालिका चालली आणि इन्स्पेक्टर रोज सकाळी घरासमोर पोहताना दाखवला गेला. कप्तानाने जानेवारीत तिथेच उडी मारून फोटो काढायचं ठरवलं. फोटोत तो घोट्याएवढ्या पाण्यात आहे आणि चेहरा खुनाचा तपास लागत नसल्यासारखा.

पोटाची मात्र चैन असते. सिसिलीचा हिवाळा म्हणजे संत्री, आटिचोक, बडीशेपेचे गड्डे आणि मेंढीच्या दुधाचा गरमागरम रिकोटा. भाजीवाला तीनचाकी पियाज्जो आपेतून येतो, मागे लाल गराच्या संत्र्यांची रास. ही गाडी इटलीत 1948 मध्ये जन्मली, आणि आपल्याकडे बारामतीच्या कारखान्यातून तिची भावंडं इतकी बाहेर पडली आहेत की तिला बघून मराठी माणूस सिसिलीत न राहवून "मंडई?" असं विचारेल. भाजीवाला धाकटीच्या हातात दोन संत्री जास्त ठेवतो आणि कप्तानाला दोन युरो जास्त लावतो. हिशेब बरोबर जुळतो.

13 डिसेंबर हा सांता लुचियाचा दिवस. 1646 च्या दुष्काळात याच सुमाराला गव्हाने भरलेलं जहाज बंदराला लागलं आणि भुकेल्या लोकांनी दळायला न थांबता गहू नुसता उकडून खाल्ला, अशी आठवण सांगतात. पालेर्मो आणि सिराक्यूज दोघेही ते जहाज आपलंच मानतात. त्या दिवशी सिसिलीत बरेच लोक पाव आणि पास्ता वर्ज्य करतात. उपास म्हणावा तर भाताचे तळलेले आरांचिनी आणि शिजवलेल्या गव्हात रिकोटा नि साखर घातलेली कुच्चिया यांच्यावर ताव मारतात. उपासाला दुप्पट खाशी हा प्रकार आपल्याच मक्त्याचा आहे हा गैरसमज इथे दूर होतो. धक्क्यावरची एक इटालियन आजी प्रत्येक परदेशी बोटीवर कुच्चियाची वाटी पाठवते. पोरं वाट्या चाटूनपुसून परत देतात. आणि रिकामी वाटी परत द्यायची नसते, हे कळायला फ्रेंच हायकमांडला वर्ष लागत नाही. ती पॅनकेक पाठवते. आजी दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटी पाठवते. मार्चपर्यंत दोन्ही बाजू दमतात, पण माघार कोणी घेत नाही.

बेटावर हिवाळा काढून तक्रार करणाऱ्यांची अधिष्ठात्री देवता म्हणून फ्रेंच लेखिका जॉर्ज साँदचं नाव घ्यावं लागेल. नोव्हेंबर 1838 मध्ये ती दोन मुलं आणि खोकणारा संगीतकार शोपँ यांना घेऊन मायोर्काला गेली, हवा मानवेल म्हणून. पाऊस लागला. शोपँला क्षय आहे असं कळल्यावर घरमालकाने बाहेर काढलं. पॅरिसहून मागवलेला पियानो कस्टममध्ये अडकला. फेब्रुवारी 1839 मध्ये ते ज्या आगबोटीने परतले तिच्यावर त्यांच्याबरोबर डुकरंही होती. तिने पुढे या सगळ्याचं पुस्तक लिहिलं आणि त्यात बेटाची आणि बेटकरांची मनसोक्त खरडपट्टी काढली. बेटकर शहाणे. जिथल्या मठात ती राहिली त्या वाल्देमोसा गावात ते आज तेच पुस्तक निरनिराळ्या भाषांत पर्यटकांना विकतात. आपल्या कुटुंबाच्या बोटीवरही त्याची एक प्रत आहे, फुगलेली.

एप्रिलात निघायचा दिवस येतो. शीड बिछान्याखालून निघतं, त्याच्यावर ठिपके असतात. शेजाऱ्यांच्या मिठ्या होतात, आजी वाटी देते. इंजिन सुरू होतं, दोर सुटतात, कप्तान ऐटीत गिअर टाकतो आणि बोट जागची हलत नाही. सहा महिने एका जागी उभ्या असलेल्या बोटीच्या पंख्यावर शिंपल्यांनी वसाहत केलेली असते. मग कोणीतरी पाणबुड्याचा सूट घालून, खरवडणी घेऊन खाली जातो. कोणीतरी म्हणजे हायकमांड. पोहायला तिलाच बरं येतं आणि वर्षभरात ती कशालाच घाबरेनाशी झाली आहे.

हे वाचूनही एखाद्या मराठी कुटुंबाला जावंसं वाटत असेल (अशी माणसं असतात, त्यांना सांगून उपयोग नसतो), तर बोटीच्या आधी एक गोष्ट पाहावी. इटली, माल्टा, ग्रीस आणि स्पेन हे चारही शेंगेनमधले देश. भारतीय पासपोर्टवर मिळणारा साधा शेंगेन व्हिसा कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवसच राहू देतो आणि सिसिलीवरून माल्टाला गेलं म्हणून मोजणी नव्याने सुरू होत नाही. सबंध हिवाळा काढायचा तर त्या त्या देशाचा दीर्घ मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा लागतो. त्याचा अर्ज निघण्याच्या बराच आधी, घरी बसून करावा, आणि कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावीत.